पिवळी रेघ

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. टाळायला फारसे कष्ट पडले नाहीत, कारण कोणी विचारलीच नाही. मोटरसायकलचा विषय निघाला की मी आत चहा सांगायला जायचो आणि बाहेर येईपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे. आता पंचाहत्तरी आली आहे. चहा सांगायला उठायलाही वेळ लागतो. तेव्हा लिहूनच टाकतो.

मी रायपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये स्टोअरचा कारकून होतो. नट, बोल्ट, वॉशर, पिना मागणीप्रमाणे द्यायच्या आणि रजिस्टरमध्ये लिहायच्या, हे माझं काम. नोकरीभर नट दिले, एकही स्वतःच्या हाताने कसला नाही. माझा मित्र त्याच वर्कशॉपमध्ये फिटर होता. तो तुमसरकडचा, मी भंडाऱ्याचा, त्यामुळे ओळख व्हायला अर्धा दिवस लागला आणि ती पुढे तीस वर्षं टिकली. त्याच्या हाताखालून गेलेली वॅगन परत तक्रार घेऊन येत नसे. हे तो स्वतः कधी म्हणाला नाही, पण दुसरं कोणी म्हणालं तर अडवतही नसे.

निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली असताना मला एक मोटरसायकल सापडली. पंडरीच्या एका कापडवाल्याच्या गोदामात, साड्यांच्या गठ्ठ्यांमागे, टू-स्ट्रोक इंजिनची जुनी स्पोर्ट्स गाडी उभी होती. तरुणपणी अशी गाडी मला हवी होती, तेव्हा वडिलांनी सायकल दिली होती. कापडवाल्याचा मुलगा परदेशी गेला होता आणि टाकीत उंदीर राहत होते. मी गाडी टेम्पोत घालून चौबे कॉलनीतल्या घरी आणली. बायकोने टेम्पोकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मित्र संध्याकाळी आला. गाडीभोवती दोनदा फिरला.

"हे काय आणलं बे?"

"स्पोर्ट्स गाडी आहे."

"होती," तो म्हणाला. मग बाह्या वर करून खाली बसला. "पाना आण."

पुढचं दीड वर्ष दर रविवारी आमच्या अंगणात हे काम चाललं. राज्य नवीन होतं आणि राजधानी अजून बनत होती. सगळ्या शहरात खोदकाम चालू होतं, त्यामुळे आमच्या अंगणातल्या पसाऱ्याकडे कोणी वेगळं म्हणून पाहिलं नाही. इंजिन, गिअर, ब्रेक, वायरिंग ही सगळी कामं त्याची. दिसण्याची कामं माझी. मी जुनं हँडल काढून आखूड, खाली झुकलेलं हँडल लावायला लावलं, पाय ठेवायच्या जागा मागे घ्यायला लावल्या, लांब सीट कापून एकट्याची केली. रंग मी स्वतः मारला, गडद लाल, चार हात. मी हँडल धरून बसून पाहिलं तेव्हा बायको ओट्यावरून म्हणाली, "ही चालवायची आहे, की साष्टांग नमस्कार घालायचा आहे?"

"वहिनी, तुम्ही मागे बसाल?" मित्राने विचारलं.

"मागे सीट कुठं ठेवली यांनी?"

"तेच तर," तो म्हणाला.

आता रेघेबद्दल सांगायला हवं. मित्राच्या विभागात एक पद्धत होती. नट पूर्ण कसला, तो सुटू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन घातली, पिनेचे दोन्ही पाय वळवले, की नट आणि बोल्ट यांच्यावरून पिवळ्या ऑइल पेंटची एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे काम संपलं. रेघ दिसली की पुन्हा पाना लावायचा नाही, शंका घ्यायची नाही. आणि ज्याने खोललं त्यानेच बंद करायचं, रेघही त्यानेच मारायची. दुसऱ्याच्या कामावर रेघ मारणं हे तिथं चोरीपेक्षा वाईट समजत. मित्राने हीच पद्धत माझ्या गाडीला लावली. शेवटी गाडीवर इतक्या पिवळ्या रेघा झाल्या की माझ्या लाल रंगाचं वाईट वाटायचं.

काम पूर्ण झालं तेव्हा मला एक ओघळ दिसला. मागच्या चाकाच्या ब्रेकची प्लेट जागेवर धरून ठेवायला एक लोखंडी पट्टी असते, चाकाजवळून निघते आणि पुढे गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेली असते. त्या पट्टीच्या मागे रंगाचा एक ओघळ सुकून बसला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. जमिनीवर गाल टेकवला तरच दिसायचा. मी रोज गाल टेकवत होतो.

"पट्टी खोलून घासावं म्हणतो," मी म्हणालो.

"काहून? तिथं कोण पाहते?"

"मी पाहतो."

"मग नको पाहू. ते पक्कं बंद केलं आहे. हात लावू नको."

पुढच्या आठवड्यात तो भाचीच्या लग्नाला तुमसरला गेला. सोमवारी संध्याकाळी परत येऊन पहिली ट्रायल घेणार होता. रविवारी दुपारी मी पट्टी खोलली. जुनी पिन काढताना तिचा एक पाय तुटला. ओघळ घासला, रंग मारला, वाळू दिला, पट्टी पुन्हा लावली आणि नट माझ्या ताकदीप्रमाणे कसला. माझी ताकद म्हणजे कारकुनाची. नवी पिन घालायला हवी होती. ज्या माणसाने नोकरीभर दुसऱ्यांना पिना मोजून दिल्या त्याच्या घरी एक पिन नव्हती, आणि रविवार असल्याने दुकानं बंद होती. उद्या दुपारी आणून घालू, असं ठरवलं.

घासताना पिवळी रेघ पुसली गेली होती. ती नसलेली त्याला येताक्षणी दिसली असती. म्हणून मी त्याचाच डबा आणि त्याचाच ब्रश घेतला आणि रेघ मारली. सुबक आली. ब्रशचं काम मला चांगलं जमायचं.

तो सोमवारी संध्याकाळी यायच्या ऐवजी सकाळीच आला. लग्नात त्याचं मन लागलं नव्हतं, असं म्हणाला. हातात लाडवांचा डबा होता. तो त्याने ओट्यावर ठेवला आणि गाडीकडे गेला. मी अंगणात दात घासत उभा होतो. तो वाकून प्रत्येक पिवळ्या रेघेवर बोट ठेवत गाडीभोवती फिरला, वर्कशॉपमधून वॅगन सोडण्याआधी फिरायचा तसा. पट्टीच्या रेघेवरही बोट ठेवलं. पिन नटाच्या खाचेत, आतल्या बाजूला असते, वरून दिसत नाही. आणि रेघ असल्यावर पिन पाहायची नसते.

"जाऊन येतो नव्या रस्त्यावर," तो म्हणाला. "मोकळं आहे तिकडं."

माझं तोंड फेसाने भरलेलं होतं. थुंकायला किती वेळ लागतो, हे मी पुढे बऱ्याचदा मोजून पाहिलं आहे. एक सेकंद. मी थुंकलो नाही. थुंकलो असतो तर बोलावं लागलं असतं, आणि बोललो असतो तर तांदळाच्या दाण्याएवढ्या ओघळासाठी मी त्याची रेघ मारली हे सांगावं लागलं असतं. मी हात वर करून 'सावकाश' अशी खूण केली. तो हसला आणि गेला.

नव्या राजधानीकडे जाणारे रस्ते तेव्हा एवढे रुंद आणि रिकामे होते की त्यांच्यावर शेळ्या बसायच्या. शेळ्याच आडव्या आल्या. त्याने मागचा ब्रेक दाबला, तोवर नट गळून गेला होता. पट्टी सुटली, ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरली आणि चाक जागेवर जाम झालं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, गुडघा फुटला. शेळ्यांना काही झालं नाही.

वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी कारण लगेच ठरवलं. "बुढ़ापे में हीरो बनने चले थे भैया." मीही हसलो त्यात.

पंधरा दिवसांनी तो प्लास्टर घातलेल्या हाताने आमच्याकडे आला. मोडकी गाडी अंगणात उभी होती. त्याला खाली बसता येत नव्हतं, म्हणून मी स्टूल दिलं. त्याने डाव्या हाताने टॉर्च धरला आणि बराच वेळ त्या बोल्टकडे पाहिलं. नट गेला होता, पण बोल्टच्या टोकावर पिवळी रेघ अर्धी उरली होती.

"पिन तुटली असती तर तुकडा अडकून राहिला असता," तो म्हणाला. "भोक साफ आहे. म्हणजे पिन टाकलीच नव्हती."

त्याने टॉर्चचा उजेड रेघेवर आणला.

"आणि रेघ आहे. मी पिन न टाकता रेघ मारली."

"होतं कधी कधी," मी म्हणालो. हे मी खरंच म्हणालो.

"मायाकडून नाही होत." मग त्याने टॉर्च बंद केला. "तुही गाडी मी खराब केली. दीड वर्षाची मेहनत तुही. माफ कर मले."

आत बायको भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता.

"जाऊ दे," मी म्हणालो.

म्हणजे मी त्याला माफ केलं. हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली.

मनगट जोडलं गेलं, पण तो त्याचा मोठा त्रास नव्हता. कामावर परत गेल्यावर तो स्वतः बंद केलेले नट पुन्हा पुन्हा खोलून पाहू लागला. रेघ मारायची, आणि पाच मिनिटांनी तीच खरवडून पिन आहे का बघायची. एका वॅगनला त्याला दोन वॅगनचा वेळ लागू लागला. पोरं हसायची. शेवटी त्याने स्वतःच अर्ज देऊन हत्यारखान्यात बदली मागितली. तिथं पाने मोजून द्यायचे आणि लिहायचं. माझ्यासारखंच काम. निवृत्तीआधीची दोन वर्षं त्याने तशी काढली. त्याची बायको एकदा आमच्याकडे म्हणाली, "भाऊजी, हे रात्रीतून तीनदा उठून गॅसचं बटण पाहतात. काहून असं करतात, तुम्हाले काही सांगितलं का?"

"वय झालं की होतं," मी म्हणालो. तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता.

गाडी मी भिलाईच्या एकाला दिली. पट्टी नवी घालून, पिनेसकट. ती पिन मी स्वतः घातली.

निवृत्तीनंतर तो मुलीकडे नागपूरला राहायला गेला. फोनवर आम्ही बोलायचो, बहुतेक गुडघ्यांबद्दल. तीन वर्षांपूर्वी त्याचं हृदय कमजोर झाल्याचं कळलं, तेव्हा मी एकटाच नागपूरला गेलो. बायकोला सांगितलं, भेटून येतो. रेल्वेत गोंदियापर्यंत वाक्यं जुळवत होतो. तयार झाली होती. चारच वाक्यं होती.

तो खाटेवर बसला होता, खूप बारीक झाला होता. मुलीने पोहे दिले. त्याचा नातू दारात उभा होता, मराठी समजायची त्याला, पण बोलायचा हिंदीत. "ये वही हैं, जिनकी गाड़ी आपने ठोकी थी?" त्याने आजोबाला विचारलं.

"हव, तेच," मित्र म्हणाला. "मायी चूक होती. या माणसाने एक शब्द नाही काढला तोंडातून. आजपर्यंत."

नातवाने माझ्याकडे आदराने पाहिलं. मी पोहे खाल्ले. पोह्यांत शेंगदाणे होते, ते मला चावत नाहीत, तरी खाल्ले.

नातू गेला, मुलगी आत गेली. आम्ही दोघंच होतो. तो माझ्याकडे वळला.

"काही बोलायचं होतं काय तुले?"

"गाडीची वेळ झाली," मी म्हणालो. गाडीला अजून दोन तास होते. ते मी स्टेशनवर बाकावर बसून काढले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तो गेला. मी दिवसांना गेलो, जेवलो, परत आलो. मुलीला सांगावं म्हणून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तब्येत विचारून ठेवला. तिला सांगून काय होणार, असं मनाशी म्हणालो. खरं म्हणजे ते तिला सांगायचं नव्हतंच. ज्याला सांगायचं होतं त्याच्यासाठी वाक्यं अशी होती: ती पट्टी मी खोलली होती. रेघ मी मारली होती. तू काहीच विसरला नव्हता. माफ कर मले.