वजनकाटा न नेण्याची अट

आहारशास्त्राच्या विद्यार्थिनींना आदिवासी आरोग्य शिकवावे, हा प्रस्ताव माझाच होता. उल्हासनगरच्या आमच्या महाविद्यालयात मी नवी होते, विभागात वयाने सर्वांत लहान, आणि जीवरसायनशास्त्रातून आल्यामुळे पुराव्याशिवाय बोलायचे नाही ही सवय अंगात मुरलेली. मी बदलापूरला बेलवलीत राहते. गच्चीवर चहा पिताना समोर जे डोंगर दिसतात, त्यांच्या पायथ्याच्या वाड्यांतली माणसे काय खातात याचा पत्ता आमच्या भावी आहारतज्ज्ञांना नसावा, हे मला अशास्त्रीय वाटत असे. ऐच्छिक विषय म्हणून परवानगी मिळाली आणि मी झटून स्लाइड तयार केल्या: रक्तक्षय, खुंटलेली वाढ, कमी वजनाची बाळे. प्रत्येक विधानाखाली संदर्भ होता.

वर्गात एक ठाकूर समाजातली मुलगी होती. तिची वाडी वांगणीहून डोंगराकडे आत. शिक्षणासाठी ती अंबरनाथ पश्चिमेला वसतिगृहात राहत असे. इतर विषयांत तिचा हात सर्वांत आधी वर जाई, माझ्या तासाला मात्र ती शेवटच्या बाकावर बसून वहीतून मान वर काढत नसे. एके दिवशी तास संपल्यावर ती टेबलापाशी आली.

"मॅडम, मला विषय बदलायचाय. खेळाडूंच्या आहाराचा घेते."

"का? अवघड जातोय?"

"नाही. पण तुमच्या स्लाइडवर आम्ही कायम आजारीच असतो. मग कॅन्टीनमध्ये मुली माझ्याकडे बघतात ना, असं वाटतं आता कुणीतरी पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का ते तपासणार."

आकडे खरे आहेत, असे मी म्हणू शकले असते. तिलाही ते माहीत होते, किंबहुना माझ्यापेक्षा जवळून माहीत होते, आणि तिची तक्रार आकड्यांविषयी नव्हतीच. विषय बदलायला महिनाअखेरपर्यंत मुदत होती. वर्गातल्या सर्वांत तल्लख मुलीने हा विषय सोडावा, आणि तोही या कारणाने, ही कल्पना मला सहन होईना. तोवर एका वाडीला भेट द्यायची आहे, त्यानंतर ठरव, एवढेच मी म्हटले. ती गेली आणि दोन दिवसांनी परत आली.

"दुसरीकडे कशाला, आमच्याच वाडीला चला. आमच्या घरी. पण वजनकाटा आणायचा नाही. कुपोषण बघायला दंडाचा घेर मोजतात ती पट्टी नाही, प्रश्नावली नाही. मैत्रिणींसारख्या या. मग मी ठरवते राहायचं की नाही."

वजनकाट्याशिवाय क्षेत्रभेट म्हणजे माझ्या दृष्टीने तापमापकाशिवाय ताप. तरीही मी अट मान्य केली. परवानगीच्या अर्जात 'घरगुती आहारपद्धतीचे निरीक्षण' असे उद्दिष्ट लिहिले. आमच्या विभागप्रमुख बाईंनी ते वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "म्हणजे जेवायला चाललात," त्या म्हणाल्या आणि सही केली.

वर्गात अट सांगितली, तेव्हा पहिला आवाज अपेक्षित जागेवरूनच आला. आमच्याकडे एक सिंधी मुलगी होती, उल्हासनगरातच वाढलेली, काडीसारखी बारीक, आणि जिचा डबा उघडला की तीन बाक गोळा होत अशी.

"मॅडम, वजनकाटा नाही, पट्टी नाही. फिर करेंगे क्या वहाँ?"

"बसायचं, बोलायचं, वाढलेलं जेवायचं."

"ये तो मेरी दादी का सिलॅबस है!"

आषाढ नुकताच लागला होता. वांगणीहून वाडीकडे जाणारा रस्ता फार्महाऊसच्या कुंपणांमधून जातो. एका बाजूला आखीव हिरवळ, दुसऱ्या बाजूला भाताची रोपे. मुली भलत्याच उत्साहात होत्या, कारण रानभाज्यांवर मी त्यांना एक संपूर्ण तास शिकवले होते. कुठल्या पाल्यात लोह, कुठल्यात कॅल्शियम हे त्यांना तोंडपाठ होते. आज ते सारे ताटात येणार, अशी खात्री बाळगून त्या चालल्या होत्या. आमची यजमान विद्यार्थिनी सर्वांच्या पुढे, ओढणी घट्ट धरून, मागे न बघता चालत होती.

तिच्या आईने ओटीवर चटया अंथरल्या होत्या. काकूंनी आम्हाला बसवले, पाणी दिले आणि लगेच ताटे मांडली. ताटात होते मटर पनीर, पुऱ्या, जिरा राईस आणि वाटीत श्रीखंड.

मुलींच्या चेहऱ्यांवर अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यासारखे भाव होते.

"काकू, रानभाजी नाही केली?" कोणीतरी धीर करून विचारले.

"यायला लागलीय गं डोंगरात. पण पूजा नाय झाली अजून," काकू म्हणाल्या. "नवी भाजी देवाला दिल्याबिगर कोण खातंय? आन पावण्यांना काय पाला घालायचा? रस्त्यावरच्या त्या फार्महाऊसवर शनिवार-रविवार मीच रांधते. तिथं समद्यांना ह्येच आवडतंय."

न राहवून मी मुलींना समजावू लागले, की सुरुवातीचा कोवळा पाला तोडायचा नाही या प्रथेमुळे वनस्पतीला वाढायला, पुन्हा फुटायला वेळ मिळत असावा. माझी विद्यार्थिनी पुऱ्या वाढता वाढता थांबली. "असेल मॅडम. आम्ही आपलं आधी देवाला, मग आपल्याला, एवढंच बघतो. तुम्ही जेवा, गार होतंय." मी जेवू लागले. पनीर उत्तम होते.

एवढ्यात तिच्या भावाची छोटी मुलगी रांगत ओटीवर आली आणि थेट त्या सिंधी मुलीच्या मांडीवर चढली. सिंधी मुलीने तिला डाव्या हाताने सावरले, लाडाने दोन शब्द बोलली, आणि बोलता बोलता तिचा अंगठा नि तर्जनी त्या इवल्या दंडाभोवती अलगद फिरले. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, मी शिकवले होते तसे. तिने हे जाणूनबुजून केले नव्हते. परीक्षेसाठी बोटांनी हे इतके घोटलेले होते, की पट्टी नसली तरी ती आपले काम करत होती.

सगळ्यांनी पाहिले. पुऱ्यांचे ताट हातात धरलेली आमची विद्यार्थिनी जागीच उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिचे उत्तर मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसू लागले. सिंधी मुलीच्याही ते ध्यानात आले. तिने चटका बसल्यासारखी बोटे मागे घेतली. "सॉरी," ती पुटपुटली. "सॉरी यार, मैंने वो... हाथ अपने आप..."

काकूंना अट माहीत नव्हती. त्यांनी नातीकडे पाहिले, मग त्या मुलीकडे. पुढे वाकून त्यांनी सरळ तिचाच दंड आपल्या मुठीत धरला. अंगठा बोटांवर चढून वर आणखी जागा उरली.

"आन ही कुणाची गं?" त्यांनी लेकीला विचारले. "हिला घरात जेवाया देत नाय का?"

"आई, ती रोज दोन डबे खाते!" लेक म्हणाली. "एक तिचा आणि एक आमचा, हॉस्टेलचा."

"मग जातंय कुठं?"

"वही तो रिसर्च है, आंटी," सिंधी मुलगी म्हणाली. डोळे ओले झाले होते, पण सूर परत आला होता. "माझी दादी पण हेच विचारते."

काकूंनी तिच्या ताटात आणखी दोन पुऱ्या टाकल्या आणि त्या संपेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. ओटीवर हशा पिकला होता. सिंधी मुलगी पुऱ्यांशी झगडताना मैत्रिणीवर घसरली: "तुझी मम्मी असं पनीर बनवते, आणि तू मला हॉस्टेलचं वांगं खिलवतेस? धोका है ये!" इतके महिने वाडीच्या या मुलीशी सगळे जपून वागत, हळू आवाजात बोलत आले होते. तिच्यावर कोणी असे तोंडसुख घेतलेले मी प्रथमच ऐकत होते, आणि तीही ऐकत होती. "वांगं पण तूच संपवतेस," तिने उत्तर दिले आणि ताट घेऊन आमच्यात बसली.

परतीच्या वाटेवर मी तिला काही विचारले नाही. विचारावेसे फार वाटत होते. उत्तराची वाट पाहणे हा माझा प्रांत नव्हे, तरी पाहिली.

पुढच्या तासाला विषय होता दंडाचा घेर. स्लाइड तीच होती, आकडेही तेच. फक्त फोटोतल्या मुलाआधी आपण आपलेच दंड मोजू, असे मी सुचवले. सिंधी मुलीने तात्काळ बाही वर केली. "पहले मेरा. सगळ्यांना कळू दे, पेशंट कोण आहे."

शेवटच्या बाकावरून वाडीची ती मुलगी उठली, पुढे आली आणि माझ्या हातातली पट्टी घेतली. मैत्रिणीचा दंड मोजून तिने घेर मोठ्याने वाचला, मग आईच्या स्वरात विचारले, "हिला घरात जेवाया देत नाय का?" वर्ग हसत असतानाच ती तिच्या शेजारी, पुढच्या बाकावर बसली, पट्टी तिच्या हाती दिली आणि स्वतःची बाही वर सारली.

"आता माझा घे," ती म्हणाली. "आणि नीट धर, मधोमध. त्या दिवशी घरी भाचीचा धरला होतास तसा."