शेवटच्या कडव्यातलं नाव

माझे बाबा पेटी वाजवायचे आणि गाणी रचायचे. नोकरी गिरणीत, जीव सगळा पेटीत. तरुणपणी रेल्वेच्या क्लबाबाहेर उभं राहून त्यांनी साहेबलोकांचा पियानो ऐकला होता. अडखळत, मध्येच उडी मारत जाणारी ती लय त्यांनी पेटीवर आणली आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांना लावली. आमच्या वस्तीत असं आधी कोणी केलं नव्हतं. साठ-पासष्टच्या सुमाराला नागपुरातल्या कितीतरी गायन पार्ट्या त्यांची गाणी गात होत्या.

आता, आमच्या गाण्यांची एक रीत आहे. रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. ते ऐकून लोक ओळखतात, गाणं कोणाचं. आणि हे गृहस्थ काय करायचे, तर जो गायक गाणं मागायला येईल त्याचंच नाव कडव्यात घालून द्यायचे. वर ते चालीत नीट बसतं की नाही, हेही स्वतः गाऊन बघायचे. आई कपाळावर हात मारायची. मी भांडायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं, स्वतःचं नाव असलं की माणूस जीव ओतून गातो.

एका जयंतीला नागपुरातल्याच नंदनवन भागात कार्यक्रम होता. गायकाचा घसा बसला, म्हणून मला उभं केलं. पेटीवर बाबा. गाणं त्यांचंच, लोकांना तोंडपाठ. शेवटच्या कडव्यात मी त्या गायकाचं नाव काढलं आणि ठसक्यात बाबांचं घातलं.

पुढची एक म्हातारी लगेच उठली. "पोरी, चुकली वं तू. ज्याचं गाणं त्याचंच नाव घ्या लागते." मागच्यांनीही माना डोलावल्या.

मी बाबांकडे पाहिलं. 'गाणं माझं आहे', एवढं त्यांनी एकदा, फक्त एकदा म्हणावं. दुसरं काही नको होतं मला. त्यांनी पेटीचा भातासुद्धा थांबवला नाही.

"बरोबर म्हणून राहिल्या त्या," ते म्हणाले. "कडवं पुन्हा घे."

घेतलं. त्या गायकाच्या नावानं. संतापानं आवाज कापत होता, लोकांना वाटलं मी गहिवरले. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर म्हातारीनं माझ्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

"हा पेटीवाला तुझा कोण लागते वं?" तिनं विचारलं.