न वाजलेली मान

सौंसरच्या एका कायरोप्रॅक्टरच्या, म्हणजे मान-पाठीची हाडे हाताने बसवणाऱ्या उपचारकाच्या, खोलीतून कोणी बाहेर आले, की बाकावरचे रुग्ण एकच विचारत, "वाजली का?" हाडाचा कट्ट आवाज आला म्हणजे उपचार झाला, अशी सर्वांची समजूत होती; माझीही होती.

मानेला हात लावण्यापूर्वी कायरोप्रॅक्टर तळहात चोळून ऊबदार करत आणि विचारत, "लावू का, ताई?" माझी पाळी आली; हनुवटी त्यांच्या हातात असताना मी कसेबसे म्हणाले, "बोटांना मुंग्या येतात. सांगायचे राहिले."

त्यांनी हात अलगद काढून घेतले. "बरं झालं बोलल्या. आता झटका नाही देत मी. नस दबून राहिली असन, तर दुखणं वाढन. पहिले डॉक्टरले दाखवा. अन् ताई, मान तुमची हाय. नाही म्हणायले लाजाचं नाही."

माझे आखडलेले खांदे तेवढ्यानेच सैल झाले.

बाहेर एका आजींनी अडवलेच, "वाजली का वं?"

"नाही."

"मंग काय उपेग?"

"मान शाबूत आहे, आजी!" मी म्हणाले. साऱ्या बाकाला ऐकू जाईल असा माझा आवाज मी प्रथमच ऐकत होते.