शेवटच्या सीनमधली टोपी

असल्या गोष्टी मी वाचते, पण चहाबरोबर चिवडा खावा तशा. विश्वास म्हणाल तर शून्य. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. पार्ट हातात आला की मापायचा, मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट... ‘मला असं वाटतं’ हा शेरा आमच्याकडे चालत नाही. आता जे सांगणार आहे त्यात भूत नाही, अमावस्या नाही, कुणाचं काही वाईटही झालेलं नाही. पण दोन वर्षं झाली, ही गोष्ट माझ्याच्यानं पासही होत नाही आणि रिजेक्टही करवत नाही.

आधी माझ्या वडिलांबद्दल. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव, थोडा ऊस, आणि घरटी एक माणूस फौजेत. तात्या हवालदार म्हणून रिटायर झाले. माझ्या लहानपणी ते वर्षातून दोन महिने रजेवर यायचे, आणि त्या दोन महिन्यांत आमचा एक कार्यक्रम ठरलेला असायचा. एसटीनं साताऱ्याला जायचं, आमच्या हिरोचा पिक्चर बघायचा, भेळ खायची आणि परत यायचं. खरं सांगायचं तर वडील म्हणून तात्या मला कळले ते या पिक्चरांतूनच. एरवी ते फार बोलत नसत. पिक्चरवर मात्र एसटीत कोरेगाव येईपर्यंत तोंड चालायचं.

हिरोचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर कमेंटमध्ये लोक मूळ विषय सोडून तो मोठा की दुसरा कुणी मोठा यावर भांडत बसतील. ओळखणारे ओळखतील. त्याचं काय आवडायचं, तर तो खोटं काही करायचा नाही. जेवणाचा सीन असला की भाकरी खरंच खायचा, कांदा बुक्कीनं फोडून, आणि घास तोंडात असतानाच बोलायचा. बैल सोडताना कासरा गुंडाळायची त्याची पद्धत बघून तात्या म्हणाले होते, “ह्यो शेतकऱ्याच्याच पोटचा हाय बघ.” आणि मला स्वतःला आवडायचं ते त्याचं ऐकणं. बाकीचे हिरो आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत उभे असतात. हा समोरच्याचं ऐकायचा आणि ते ऐकलेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. नाचात मात्र अगदीच बेताचा. ते आम्ही दोघांनी मोठ्या मनानं माफ केलं होतं.

माफ केली नाही ती एकच गोष्ट.

त्याचा एक फौजीचा पिक्चर आहे. लढाईत मेलेल्या मित्राच्या गावी तो जातो, त्याच्या म्हाताऱ्या आईला भेटतो, वगैरे. शेवटी तो मित्राच्या समाधीपाशी येतो, डोक्यावरची टोपी काढून दगडावर ठेवतो, दोन पावलं मागं सरकतो आणि सॅल्यूट मारतो. थिएटरात रडारड सुरू झाली... आणि तात्या चिडले. कारण फौजेत उघड्या डोक्यानं सॅल्यूट मारत नाहीत. डोक्यावर टोपी नसेल तर नुसतं सावधान उभं राहायचं. तुम्हा-आम्हाला ही बारीक गोष्ट वाटेल, पण आमच्या गावात हा पिक्चर लागला की निम्मे बाप्ये त्या सीनला “च्यक” करायचे. तात्यांनी तर हिरोला पत्र घातलं होतं. ‘आपले सर्व काम उत्तम, परंतु...’ अशी सुरुवात होती. खाली गावातल्या बऱ्याच रिटायर फौजींच्या सह्या. उत्तर आलं नाही. तेव्हापासून त्या पिक्चरला तात्या शेवटच्या सीनआधी उठून बाहेर जायचे. त्याचे बाकीचे पिक्चर त्यांनी तोंडपाठ केले. ह्याचा शेवट मात्र एकदा बघितला तो बघितला, परत नाही.

दोन वर्षांपूर्वी तात्यांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. कडेचं दिसायचं बंद झालं तर मान वळवून बघायचे. मिरजेला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही फार दिवस टिकेल असं दिसत नाही. बरोबर मधलं, नळीतून बघितल्यासारखं तेवढं दिसत होतं. मी गाडीत बसून रडले. तात्यांना सगळं कळलं होतं. सांगली सोडून तासगावकडे लागलो तेव्हा ते म्हणाले, “औंदा यात्रंत तंबू येणार हाय न्हवं?”

आमच्या यात्रेत अजून तंबूतलं थेटर येतं. पूर्वी रिळं होती, आता लॅपटॉपला जोडलेला प्रोजेक्टर असतो, बाकी सगळं तेच. जमिनीवर बसायचं, दुपारपासून खेळ. तंबूचे मालक बापू आमच्या चांगल्या ओळखीचे. गाव फौजींचं, म्हणून ते दरवर्षी एक खेळ त्या फौजीच्या पिक्चरचा लावतात.

“त्योच बघायचा,” तात्या म्हणाले. “आन् शेवटापतूर बसायचं.”

“तुम्ही तर उठून जाता, तात्या.”

“जात हुतो. आता पुना बघायला कुटं घावणार हाय? त्या गड्याचं सगळं बघितलं. येवढ्यापायी मनात आडी ठिवून डोळं मिटायचं न्हाई मला.”

डोळे मिटायचे म्हणजे त्यांना मरायचं म्हणायचं नव्हतं. डोळेच म्हणायचे होते.

मी तेव्हाच ठरवलं की खोटं बोलायचं. एव्हाना त्यांच्या शेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगायची मला सवय झाली होती. तो सीन आला की म्हणायचं, तात्या, टोपी घातलीय बरं का त्यानं. त्यांना नीट दिसणार नाही, माझ्यावर विश्वास ठेवतील, आणि मनातली अढी जाईल. तात्यांशी मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. ते खपवूनच घेत नसत. पण म्हटलं, या वेळी चालेल.

दुपारी तीनचा खेळ. आम्ही मुद्दाम सगळ्यात मागं खुर्ची टाकून बसलो, कारण लांबून बघितलं तर पूर्ण पडदा त्यांच्या त्या नळीत मावायचा. तंबूला बारीक भोकं होती, त्यातून ऊन आत येत होतं. आमच्या पुढ्यात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पाटणकडचे रिटायर सुभेदार, मुलीकडे यात्रेला आलेले. पिक्चर सुरू झाला आणि तात्या खूश. भाकरीच्या सीनला हसले. मी काही सांगायला गेले की “दिसतंय, दिसतंय” म्हणायचे.

शेवटचा सीन आला. समाधी. त्यानं टोपी काढली, दगडावर ठेवली, दोन पावलं मागं गेला. मी तात्यांच्या कानाशी वाकले, वाक्य तोंडात तयार होतं... तेवढ्यात तात्याच हळू आवाजात म्हणाले, “थांब. टोपी उचलतुया बघ.”

मला वाटलं, गेली नजर. पडद्याकडे बघितलं.

तो टोपी उचलत होता. दोन पावलं परत पुढं आला होता. टोपीवरची धूळ त्यानं अंगठ्यानं झटकली, डोक्यावर चढवली, दोन्ही हातांनी उजवीकडे ओढून बसवली, बॅज डाव्या डोळ्यावर आला. मग मागं सरकला, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट मारला. सावकाश, कसलीच घाई नाही. हा सीन मी लहानपणापासून किती वेळा बघितलाय याचा हिशोब नाही. त्यात यातलं काही नाही. काही म्हणजे काही नाही.

तात्या खुर्चीतून उठून सावधान उभे होते. त्यांच्या डोक्याला यात्रेचा फेटा होता, म्हणून त्यांनी रीतसर सॅल्यूट मारला. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून बसले होते.

मलाच भास झाला असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. पण दिवे लागल्यावर तात्या फेटा सारखा करत होते, तेव्हा पुढचे सुभेदार माझ्याकडे वळले.

“अगं पोरी, आज टोपी घालून मारला की,” ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. “मी पाटणला बघितला तवा उगड्या डोक्यानं हुता. दुसरी कापी आनली का काय ह्यांनी?”

तात्यांना तिथंच बसवून मी तडक बापूंकडे गेले. ते म्हणाले, “न्हाई ओ ताई, फाइल तीच हाय. चार-पाच वर्सं हीच चालवतोय गावोगाव.” मी म्हटलं, शेवट परत लावा. त्यांनी लॅपटॉपवर लावला. समाधी, टोपी दगडावर, दोन पावलं मागं... आणि सॅल्यूट. उघड्या डोक्यानं. मी तीनदा लावायला लावला. बापू माझ्याकडे काळजीनं बघायला लागले. त्यांनी मला चहा पाजला. तंबूतल्या बाकीच्यांना विचारलं तर कुणाचंच लक्ष नव्हतं. कुणी रडत होतं, कुणी चपला शोधत होतं.

घरी येऊन मोबाइलवर बघितला. उघडं डोकं. टीव्हीवर लागला तेव्हा बघितला. तेच. दुसरी प्रत, कापलेला सीन, सगळ्या शक्यता तपासून झाल्या. पण बापूंकडे फाइल एकच होती आणि ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली. तिघांना एकदम एकच भास कसा होतो, तोही इतका बारीक, बॅजसकट, हे कुणाला माहीत असेल तर खरंच सांगा.

तात्यांना यातलं मी काहीच सांगितलं नाही. यात्रेनंतर थोड्याच दिवसांत त्यांची नजर पूर्ण गेली. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. पण माणूस मजेत आहे. दुपारी पडवीत बसून मोबाइलवर हिरोचे पिक्चर ऐकतात, शेजारच्या पोरांना पुढचा संवाद आधीच सांगून वैताग देतात.

गेल्या आठवड्यात जेवताना त्यांनी एकदम विचारलं, “बाय, खरं सांग. त्यानं टोपी घातली हुती न्हवं? का माज्या डोळ्यांनी जाता जाता माजी समजूत काडली?”

“घातली होती, तात्या. मी बघितली.”

“मग झालं,” म्हणाले, आणि भाकरी मोडून घेतली.

डोळे गेल्यापासून मी त्यांना काय काय सांगत असते. ऊस झकास आलाय, भिंतीला ओल नाही, माझे केस अजून काळे आहेत. निम्म्याहून जास्त खोटं असतं. हे एवढं उत्तर मात्र खरं आहे. कसं खरं आहे, ते मला अजून कळलेलं नाही.