उभं जहाज आणि वाडीचे ट्रक

समुद्राचं संशोधन करणाऱ्या जहाजावर मी कॅप्टन होतो. सत्तरच्या दशकात नागपुरात हे सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं होतं. सुट्टीत आलो की गल्लीतला कोणीही विचारी, "लढाईत होता का?" नाही म्हटलं की माझा भाव उतरे.

अशाच एका सुट्टीत आईने मला नागपूरजवळच्या वाडी गावची मुलगी पाहायला नेलं. मुलगी फोटोतच मनात भरली होती. त्यामुळे वादळात न घाबरणारा मी कडक इस्त्रीच्या शर्टात घाबरून बसलो होतो. मुलीच्या वडिलांचे ट्रक होते. पोह्यांची बशी हातात येण्याआधीच त्यांनी माझी तपासणी सुरू केली.

"जहाज नेता कुठं?"

"शास्त्रज्ञ सांगतील तिथं. मग उभं करतो. ते तारेला बाटल्या बांधून खोलचं पाणी काढतात, तळाचा गाळ काढतात."

"गाळ तं आमच्या नाग नदीतबी हाये. त्याच्यासाठी समुद्रात काहून जाता?"

आईने पोह्यांत डोकं खुपसलं.

"अन् ते गाळ काढून राहिले, तवा तुमी काय करता?"

"जहाज हलू देत नाही. वाऱ्यात, लाटांत, सहा-सहा तास एका जागी."

"म्हंजे सहा घंटे गाडी उभी! असा ड्रायव्हर मी दुसऱ्याच दिवशी काढतो."

सगळे हसले. लाज राखायला मीही हसलो. तेवढ्यात पाण्याचा ट्रे घेऊन आलेल्या मुलीने विचारलं, "वारा वाढला अन् त्यांचं काम अर्धंच असलं, तं बस म्हणून कोण सांगते?"

"मी," मी म्हणालो. "एकदा तार कापायला लावली. त्यांचं महागडं यंत्र तळाशी गेलं. मुख्य शास्त्रज्ञ अजून माझ्याशी बोलत नाहीत."

"अन् माणसं?"

"सगळी परत आली."

ती आणखी काही बोलणार होती, पण वडिलांनी तिला चहा आणायला आत पिटाळलं.

आठवड्याने निरोप आला. मालकाचं यंत्र बुडवणारा माणूस आम्ही ड्रायव्हर म्हणून ठेवत नाही, जावई कसा करावा? आईने मलाच दोष दिला. मी त्या बापाला शिव्या घातल्या, जहाजावर परतल्यावरही वर्षभर घातल्या. माझ्या कामाबद्दलचा एकमेव खरा प्रश्न जिने विचारला, तिच्या मनात काय आहे हे त्याने तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं, याचा मला फार राग होता.

शिव्या सरल्यावर लक्षात आलं, मीही विचारलं नव्हतं.