बनुआक्काच्या दोन गाठी

माझी थोरली बहीण बनुआक्का शेवगावच्या बाजारात धान्य निवडायच्या कामाला जायची. एकाहत्तर साली तिला खोकला लागला. नगरच्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, डाग दिसला, आणि थुंकी न तपासताच सांगून टाकलं, टीबी. वर्षभर तिने इंजेक्शनं घेतली. सासूने तिचं ताट वेगळं केलं, लेकरांना जवळ जाऊ दिलं नाही. टीबी नव्हताच तो! खोकला हटेना, उलट रक्त पडायला लागलं.

दुसऱ्या फोटोत दोन्ही फुफ्फुसांत एकेक गाठ दिसली. त्याच डॉक्टरांनी फक्त दाजींना आत बोलावलं.

"कॅन्सर आहे, पसरलाय. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला."

परतताना एस्टीत दाजींना रडू आवरेना, तेव्हा आक्काने त्यांच्याकडून सगळं वदवून घेतलं. मग भडकलीच.

"वरीसभर टीबी म्हनून टोचलं. आता कॅन्सर म्हनत्यात, त्येबी माझ्या माघारी. रोग माझा हाय का तुमचा?"

"मुंबईला जाऊ, ऑपरेशन होतंय का पाहू," घरी पोचल्यावर मी म्हणालो.

"मरायला टेकलेल्या बाईला कापून काय करायचं?" सासू म्हणाली. आक्का लुगडी गाठोड्यात बांधत राहिली.

मुंबईच्या सर्जननी घशातून नळी घालून दोन्हीकडचे तुकडे तपासायला काढले. निकाल आल्यावर त्यांनी आक्कालाच समोर बसवलं.

"बाई, दोन्ही गाठी कॅन्सरच्याच, पण वेगवेगळ्या जातीच्या आहेत. एकीपासून दुसरी झालेली नाही, म्हणजे कॅन्सर पसरलेला नाही. लहान आहेत, म्हणून काढता येतील. आधी उजवीकडची, ताकद आली की डावीकडची."

"जगंल का मी?"

"खात्री देत नाही. पण न काढता आशा नाही."

"मग कापा."

पहिल्या ऑपरेशननंतर श्वास घेताना ती कळवळायची. तरी काही महिन्यांनी दुसऱ्यासाठी स्वतःच्या पायांनी गेली. दोन्ही गाठी निघाल्या. चढ चढताना धाप लागायची, एवढंच मागे राहिलं.

बरी झाल्यावर ती मला घेऊन नगरला त्या डॉक्टरांकडे गेली.

"देवाची कृपा म्हणायची," ते हसले.

"देवाला मधी आनू नका. माझी थुंकी का न्हाई तपासली, त्ये सांगा."

त्यांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. आक्का खुर्चीवरून हलली नाही. दारात एक खोकणारी म्हातारी येऊन उभी राहिली. तिच्याकडे वळून आक्का मोठ्याने म्हणाली, "मावशे, आदी थुंकी तपासाया लाव. मगच सुई घे."