चौदा नंबरची तक्रार

आमच्या खिडकीताईला राग यायला कारण लागत नाही, असं लोक म्हणतात. मी म्हणते, कारणं इतकी पडली आहेत की तिला ती शोधायला जावंच लागत नाही. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीमागे तिनं बावीस वर्षं काढली, म्हणून हे नाव. निवृत्तीच्या आदल्या वर्षी तिला स्तनाचा कॅन्सर झाला. बरी झाल्यावर तिनं चष्म्याच्या दुकानावरची एक खोली घेतली आणि संस्था काढली. पाटीवरचं संस्थेचं नाव इतकं लांबलचक आहे की ते आम्हालाही एका दमात म्हणता येत नाही.

काम मात्र एका वाक्यात सांगता येतं. ऑपरेशन झालेल्या बाईकडे तेच सगळं भोगून उठलेली दुसरी बाई पाठवायची. त्यासाठी ताईनं बुटाच्या खोक्यात कार्डं ठेवली आहेत. त्या खोक्यात आम्ही एकोणीस जणी आहोत. प्रत्येकीचं वय, बाजू डावी की उजवी, पूर्ण काढलं की थोडं, केस किती महिन्यांनी आले, घरी कोण कोण, सगळं लिहिलेलं. नवी बाई आली की ताई कार्डं चाळून जोडी लावते. लग्नं जुळवणाऱ्यांनी एवढी काळजी घेतली असती तर निम्म्या जगाची भांडणं मिटली असती.

नियम तीनच आहेत. फळं न्यायची नाहीत, ‘सगळं ठीक होईल’ म्हणायचं नाही आणि घरच्यांना अर्धा तास बाहेर काढायचं. तिसरा नियम सगळ्यात अवघड, कारण नेमकी तेव्हाच नवऱ्यांना बायकोची उशी नीट करायची असते.

मी त्यातलं अकरावं कार्ड. धंदा शिवणकामाचा, डावी बाजू, पूर्ण काढलेलं, सहा वर्षं झालेली. चूक माझ्या हातून झाली, म्हणून मीच सांगते.

रुग्णालयात चौदा नंबरच्या खाटेवर एक झेरॉक्सवाली होती. वय एक्केचाळीस, ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेले, काखेखालची नळी अजून काढायची होती. तिच्या नवऱ्याला नर्सनं मोठ्या मिनतवारीनं बाहेर पाठवलं. मी स्टूलवर बसले आणि नेहमीसारखं म्हणाले, “माझंही डावंच. कॅन्सर होऊन सहा वर्षं झाली, बघा, ठणठणीत आहे.”

“आणि मला काय झालंय?” तिनं विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतेय. आमच्यात असल्या थट्टा चालतात. म्हणून मी हसले. माझं ते हसू बघत बघत तिला सगळं कळलं. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

तिला सांगितलं होतं की गाठीत पू झाला होता, म्हणून सगळं काढावं लागलं. हिला धक्का सोसणार नाही, अशी नवऱ्यानं आणि थोरल्या भावानं डॉक्टरांना गळ घातली होती आणि डॉक्टरांनी ती ऐकली होती. कागदांवर सह्या नवऱ्याच्या. पुढच्या औषधांना ‘ताकदीची सलाइनं’ म्हणायचंही ठरलं होतं. केस गळायला लागल्यावर काय सांगणार होते, देव जाणे. ही बाई दिवसभर दुकानात लोकांच्या रिपोर्टांच्या झेरॉक्स काढते, आणि तिचा स्वतःचा रिपोर्ट मात्र नवऱ्याच्या खिशात. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पण माझंही चुकलंच. तो शब्द आम्ही दिवसातून इतक्यांदा उच्चारतो की आमच्या लेखी तो मिठासारखा झाला आहे. समोरच्या बाईनं तो ऐकलाच नसेल, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. ‘आधी विचारा, तुम्हाला काय सांगितलंय’ हा चौथा नियम असायला हवा होता, तो नव्हता.

नवऱ्यानं त्याच दुपारी लेखी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या अधीक्षकांनी ताईला आणि मला बोलावून घेतलं. नवरा आणि भाऊ आधीच येऊन बसले होते. अधीक्षक मऊ बोलणारा माणूस. त्यांनी एक टाइप केलेलं पत्र पुढे सरकवलं. यापुढे नातेवाइकांच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही कोणत्याही रुग्णाशी बोलायचं नाही, आणि परवानगी मिळाली तरी तो शब्द काढायचा नाही. सही केली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून आम्हाला वॉर्ड बंद. महिन्याला तीस-पस्तीस बाया त्या वॉर्डातून जातात. तो बंद झाला तर आम्ही एकोणीस जणी त्या खोलीत एकमेकींची तोंडं बघत बसणार होतो.

खरं सांगते, मी सही केली असती. ताईनं पत्र दोनदा वाचलं. “दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला,” एवढंच पुटपुटली. तेवढ्यात भाऊ म्हणाला की आम्ही जे केलं ते तिच्या भल्यासाठीच केलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

ताईनं पत्र खाली ठेवलं.

“माझ्या धाकट्या बहिणीला मीही सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. “भल्यासाठीच. ती विचारायची, ताई, पाठ एवढी का गं दुखते? मी गादी बदलून द्यायचे. तीन गाद्या बदलल्या. तिची मुलं लहान होती. त्यांना जे सांगायचं ते तिनं बरी झाल्यावर सांगू म्हणून ठेवलं, आणि तशीच गेली. तुमची मूठ निदान उघडली. माझी झाकलेलीच राहिली.”

सहा वर्षांत हे मला पहिल्यांदा कळत होतं. तिचा राग कोणावर आहे, तेही.

मग ताईनं नवऱ्याचा तक्रारअर्ज उचलला. खात्यात बावीस वर्षं मी एकच सांगत आले, म्हणाली, ज्याचा नळ कोरडा त्याचीच सही चालते. ऑपरेशन यांचं झालेलं नाही. जिचं झालंय तिची तक्रार आणा, मी या पत्रावर सही करते. अधीक्षक लगेच तयार झाले. त्यांना वाटलं असणार, नवरा दारात उभा असताना बिचारी दुसरं काय लिहिणार. मलाही तेच वाटलं.

आम्ही सगळे वॉर्डात गेलो. ताईनं नवऱ्याला आणि भावाला दाराबाहेरच थांबवलं. झेरॉक्सवाली उशीला टेकून बसली होती, रडून डोळे सुजलेले. ताईनं तिला सरळ सांगितलं की माझ्या बाईमुळे तुम्हाला त्रास झाला असेल तर लिहून द्या. लिहिलंत तर आमचं इथलं काम थांबेल, पण त्याचा विचार तुम्ही करू नका.

“तक्रार आहे,” ती म्हणाली. “कागद द्या.”

जेवणाच्या ट्रेवर कागद ठेवून ती बराच वेळ लिहीत होती. मधेच थांबून तिनं ताईला डॉक्टरांचं पूर्ण नाव विचारलं. लिहून झाल्यावर तिनं कागद अधीक्षकांच्या हातात दिला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. नवऱ्याचं नाव होतं, भावाचं होतं, डॉक्टरांचं होतं, आणि वॉर्ड ज्यांच्या ताब्यात त्या अधीक्षकांचंही होतं. शेवटी मीसुद्धा होते, एका ओळीपुरती. ‘यांनी बोलण्याआधी विचारायला हवं होतं.’ बरोबरच होतं. मी तिची माफी मागितली, आणि तिनं मान हलवली.

ते टाइप केलेलं पत्र त्यानंतर कधी आमच्यापुढे आलं नाही. पण त्या क्षणी अधीक्षकांनी एक प्रयत्न करून पाहिला. बाई, तुम्ही आत्ता रागात आहात, म्हणाले, दोन दिवस जाऊ द्या, मग बोलू.

“रागात तर आहेच,” ती म्हणाली. “नऊ दिवस या खाटेशी इतकी माणसं येऊन गेली, साहेब. खरं बोलणारी एकच भेटली, आणि तीही चुकून.”